एकाने जास्त

ऑफिसात पाठीमागे सगळे तिला चाळणी म्हणत. तिला ते ठाऊक होतं, कारण तिला ठाऊक नाही असं त्या ऑफिसात फारसं काही घडतच नसे. आपणही तेच म्हणू.

चाळणीचं काम शाळा तपासायचं. शाळा आपल्या मुलांची वाचनाची आणि गणिताची परीक्षा आपणच घेतात आणि निकाल वर पाठवतात. त्यातला जो निकाल वरच्यांच्या घशाखाली उतरत नाही, तिथं कुणीतरी जाऊन तीच परीक्षा पुन्हा घ्यायची. ते कुणीतरी म्हणजे ही. शाळेत गेल्या गेल्या कुणी चहा विचारला की तिला संशय यायचा आणि नाही विचारला तर दुप्पट यायचा, म्हणून ती आपला चहा आपल्याच थर्मासमधून नेई. पिशवीत स्टॉपवॉच दोन. एक मोजायला आणि दुसरं पहिल्यावर पहारा ठेवायला. नवरा म्हणायचा, "दुधानं तोंड पोळलं की माणूस ताक फुंकून पितो, हे मान्य. पण तू पाणीही फुंकतेस."

तोंड पोळलं होतं हे मात्र खरं. तिचा धाकटा भाऊ दरवर्षी पास होत गेला. प्रगतिपुस्तकात दरवर्षी 'वाचन चांगले' असा शेरा. विसाव्या वर्षी तो नोकरीचा फॉर्म घेऊन तिच्याकडे आला, दार लावून घेतलं आणि म्हणाला, "ताई, यात काय लिहिलंय ते कुणाला न सांगता मला वाच." त्या दिवसापासून तिचा कुठल्याच शेऱ्यावर विश्वास राहिला नाही. एकोणीस वर्षं ती खोटे शेरे शोधत होती आणि त्यात तिला सुख होतं, हेही सांगून टाकायला हवं.

या शाळेचा निकाल पाहिला तेव्हाच ती हसली होती. तिसरीचा वर्ग, अठ्ठावीस मुलं. तिसरीची पातळी म्हणजे मिनिटाला पंचेचाळीस शब्द नीट वाचायचे, वाचलेल्यावरच्या दोन प्रश्नांतल्या एकाचं तरी उत्तर द्यायचं आणि हातच्याच्या चार वजाबाक्यांतल्या तीन बरोबर सोडवायच्या. ही मुलं खालच्या वर्गात असताना त्या वर्गाची पातळी फक्त तिघांनी गाठली होती. निम्म्या मुलांच्या घरी तर भाषाच वेगळी, आईबाप कामासाठी दुरून आलेले. आणि यंदा पातळी गाठणारे सव्वीस! परीक्षा घेणाऱ्या शिक्षिकेची सही खाली ठळक होती.

"एका वर्षात तीनाचे सव्वीस," ती नवऱ्याला म्हणाली. "उंदीरसुद्धा इतक्या वेगानं वाढत नाहीत."

शाळेच्या दारात हेडमास्तर उभेच होते. गोल चेहऱ्याचे, घाम पुसत बोलणारे गृहस्थ. त्यांनी चहा विचारला. चाळणीने मनात एक नोंद केली.

परीक्षेसाठी तिला पुस्तकांची खोली मिळाली. तिने आधी कपाट उघडून पाहिलं, मग टेबलाखाली वाकून पाहिलं. भिंतीवरचा अंकांचा तक्ता उलटा केला. खिडकीतून कुणी खाणाखुणा करू नयेत म्हणून मुलाच्या खुर्चीची पाठ खिडकीकडे केली. बाहेर मुलांची रांग लागली होती आणि एक मुलगी ती रांग सरळ करत होती. जेमतेम नऊ वर्षांची असेल, पण हिला ढकल, त्याचं बटण लाव, तिसऱ्याच्या कानात काहीतरी सांग, असं चाललं होतं.

"ही कोण?" चाळणीने विचारलं.

"ती मुकादम," हेडमास्तर हसून म्हणाले. "मुलांनीच नाव ठेवलंय. आली तेव्हा आपल्या भाषेतला एक शब्द बोलत नव्हती. आता अख्खा वर्ग तिच्या शब्दावर चालतो."

चाळणीने दुसरी नोंद केली.

पहिला मुलगा आला. पुढचे दोन्ही दात पडलेले, म्हणून सगळे त्याला बोळका म्हणत. चाळणीने पाकिटाचं सील फोडून कार्ड समोर ठेवलं. उतारा एका शेळीचा होता. शेळी न्हाव्याच्या दुकानात जाते, खुर्चीत बसते आणि न्हावी तिला गंभीरपणे विचारतो, "केस की दाढी?" बोळका अडखळत, थांबत, एकेक अक्षर ओढत मिनिटात एकोणीस शब्दांवर पोहोचला. प्रश्नांची उत्तरं आली नाहीत. चारही वजाबाक्या चुकल्या.

पाठोपाठ पाच जण आले आणि पाचही जण तसेच. वीस शब्द, सतरा शब्द, बावीस शब्द. वजाबाक्या साफ चुकलेल्या. सहावा गेल्यावर चाळणीने रांग थांबवली, थर्मासमधला चहा ओतला आणि आरामात एक घोट घेतला. पकडलं होतं. शाळेचा निकाल सरळ सरळ बनावट होता. अशा वेळी भरायचा फॉर्म तिच्याकडे तयार असे. त्यात शेवटी परीक्षा घेणाऱ्याचं नाव लिहायचं. ज्याचं नाव तिथं लागतं त्याला पुन्हा कुठल्याही शाळेत उभं करत नाहीत.

पुरावा म्हणून जोडायला तिने सहा मुलांचे वजाबाकीचे कागद शेजारी शेजारी मांडले. आणि तिने कप खाली ठेवला.

बावन्नातून सतरा वजा करायचे होते. न येणारं मूल तिथं पंचेचाळीस लिहितं, कारण ते सातातून दोन काढतं, लहान आकडा वर आहे की खाली हे बघतच नाही. एकोणीस वर्षांत तिने हजारो पंचेचाळीस पाहिले होते. इथं सहाच्या सहा जणांनी छत्तीस लिहिलं होतं. बरोबर उत्तर पस्तीस. पुढची वजाबाकी एक्याऐंशीतून चौतीस. उत्तर सत्तेचाळीस, पण सहाही कागदांवर अठ्ठेचाळीस. तिसरीत एकोणतीसच्या जागी तीस, चौथीत छत्तीसच्या जागी सदतीस. प्रत्येक उत्तर चुकीचं आणि प्रत्येक उत्तर एकाने जास्त.

आता, बरोबर उत्तर माहीत असल्याशिवाय त्याच्या इतकं जवळ जाऊन, तेही चार चार वेळा, कुणाला चुकता येत नाही. मग तिला आणखी एक गोष्ट आठवली. शेळीच्या दाढीपाशी बोळक्याच्या ओठांचा कोपरा हलला होता. तिथवर मोठ्याने तो वाचत पोहोचलाच नव्हता. शब्द तोंडाने ओढत होता आणि डोळ्यांनी पुढे जाऊन हसून आला होता.

मुलांना येत होतं. मुलं न येण्याचं सोंग करत होती.

खोटं वरच्या बाजूने बोलतात हे तिला पाठ होतं. खालच्या बाजूने बोललेलं खोटं तिने कधी पाहिलं नव्हतं, आणि ते आपल्या नजरेतून थोडक्यात निसटणार होतं याचा तिला राग आला. नक्की कुठंतरी पाणी मुरत होतं. हे मुलांना कुणी पढवलं? सही करणाऱ्या शिक्षिकेने? पण बसल्या फांदीवर कोण कुऱ्हाड घालेल? हेडमास्तरांनी? शाळेची नाचक्की करून त्यांना काय मिळणार? पण ज्यांना काही मिळत नाही असं वाटतं, त्यांच्यावरच तिचा जास्त डोळा असे.

ती कागद घेऊन हेडमास्तरांच्या खोलीत गेली आणि ते त्यांच्यापुढे ठेवले. हेडमास्तरांनी पहिल्यांदा सगळं चुकलेलं पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. मग तिने प्रत्येक उत्तराशेजारी बोट ठेवत बरोबर आकडा सांगितला. तिसऱ्या आकड्याला त्यांनी कपाळावर हात मारून घेतला.

"माझंच चुकलं मॅडम," ते म्हणाले. "गेल्या आठवड्यात पालकांची सभा घेतली. मुलंही बसली होती. मी आनंदानं निकाल सांगितला आणि वर म्हणालो, की आता आपली मुलं पातळीला आली, त्यामुळे छोट्या बाई दुसऱ्या शाळेत जाणार."

छोट्या बाई म्हणजे त्या सही करणाऱ्या शिक्षिका. वर्गाच्या नेहमीच्या बाई त्या मोठ्या बाई, आणि मागे पडलेल्या मुलांसाठी वर्षभरासाठी पाठवलेल्या या छोट्या. वर्गातल्या एकवीस मुलांनी पातळी गाठली की त्यांची बदली पुढच्या कमजोर शाळेत, आणि तेवढी नाही गाठली तर मुक्काम आणखी एक वर्ष, असा नियम.

"म्हणजे मुलांनी ठरवलं की नापास व्हायचं," चाळणी म्हणाली.

"मुकादमानं ठरवलं असणार," हेडमास्तर म्हणाले. "पण त्यामुळं बाईच खोट्या ठरतील हे त्या पोरांना काय ठाऊक? करायला गेली गणपती आणि झाला मारुती." ते खुर्ची पुढे ओढून हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, एक सुचवू? रागावू नका. तुम्ही वीस मुलं पातळीवर दाखवा. सव्विसाचे वीस, एवढा फरक तुमच्या नियमात चालतो. बाई खोट्या ठरणार नाहीत आणि एकवीस न झाल्यामुळे जाणारही नाहीत. साप मरेल आणि काठीही शाबूत."

क्षणभर चाळणीला ते पटलं. एकोणीस वर्षांत तिला असं काही पहिल्यांदाच पटलं, आणि त्याचीच तिला भीती वाटली.

"ठीक आहे," ती म्हणाली. "मग येत असूनही ज्या सहा मुलांना येत नाही असं लिहायचं, त्यांची नावं तुम्ही सांगा. पुढच्या वर्षी ती चौथीत ढ मुलांच्या बाकावर बसतील. कोणती सहा?"

हेडमास्तरांनी पुढे ओढलेली खुर्ची मागे घेतली. मग त्यांनी शिपायाला छोट्या बाईंना बोलवायला सांगितलं.

छोट्या बाई पंचविशीच्या होत्या, बाहीला खडू लागलेला. चाळणीने त्यांच्याकडे निरखून पाहिलं. चोराच्या मनात चांदणं असतंच, ते कुठंतरी दिसेल म्हणून ती त्यांच्या हातांकडे पाहत होती. बाईंनी कागद उचलले. बघता बघता त्यांना सगळं कळलं, पण त्या आकड्यांकडे बघतच नव्हत्या. आकड्यांच्या डोक्यावर मुलांनी पेन्सिलीने केलेल्या बारीक खुणांवरून बोट फिरवत होत्या.

"हातचा सगळ्यांनी बरोबर घेतलाय," त्या म्हणाल्या. "बोळक्याला हे कळायला चार महिने लागले होते."

मग त्या बसल्या आणि रडल्या. चाळणीला रडणं ओळखता येई, खोटं आणि खरं. तिने आपला थर्मास उघडून त्यांना चहा दिला. शाळेत तिने कुणाला चहा देण्याची ही पहिलीच वेळ.

"कार्ड बदलून परीक्षा एकदा पहिल्यापासून घेता येते," ती म्हणाली. "नियम आहे तसा. पण मुलांनी पुन्हा हेच केलं तर मला फॉर्म भरावा लागेल. तो मी भरेन."

"मी बोलते त्यांच्याशी," छोट्या बाई म्हणाल्या.

"बोला. मी दारात उभी राहीन."

कारण एवढं सगळं होऊनही तिला वाटत होतं, आत गेल्यावर या बाई उत्तरं फोडतील, रडून मुलांना भरीला घालतील, काहीतरी करतील. माणसाचा स्वभाव असा चहाच्या एका कपाने जात नाही.

छोट्या बाई वर्गात गेल्या, फळ्याला पाठ लावून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मी राहावं म्हणून तुम्ही चुकताय, हे मला कळलं. आता मी सांगते ते नीट ऐका. तुम्हाला येतं, असं लिहून खाली मी सही केली आहे. आज तुम्ही येत नाही असं दाखवलंत, तर मी खोटं लिहिलं असं ठरेल आणि मला शिकवायचं काम कुठंच मिळणार नाही. तुम्ही बरोबर लिहिलंत तर मी दुसऱ्या शाळेत जाईन. दोन्हीकडून मी इथं नाही."

मागच्या बाकावरून मुकादमाने विचारलं, "मग बरोबर लिहून आमचा फायदा काय?"

"फायदा काही नाही," छोट्या बाई म्हणाल्या. "तुम्हाला येतं, एवढंच."

याहून वाईट समजूत कुणी काढली नसेल, असं चाळणीला वाटलं. मुलांना काहीतरी गोड सांगायला हवं होतं, मी भेटायला येईन, पत्र लिहीन, असलं काही. मग तिच्या लक्षात आलं, की त्या बाईंनी मुलांना खोटं सांगायचं टाळलं होतं. पुन्हा परीक्षा का घेतली त्याचं कारण कागदावर द्यावं लागतं. तिने लिहिलं, 'परीक्षा कशासाठी आहे हे मुलांना नीट कळलेले नव्हते.' वाक्य खरं आहे ना, हे तिने दोनदा तपासलं.

दुपारी पुन्हा रांग लागली. यावेळी ती कुणी सरळ करत नव्हतं. बोळका आला, खुर्चीत बसला आणि नव्या कार्डावरचे त्रेपन्न शब्द धडाधड वाचून गेला, दात नसल्यामुळे स आणि फ यांची जी काय दैना झाली तेवढी सोडून. चारही वजाबाक्या बरोबर. उठताना त्याने चाळणीकडे असं पाहिलं, की जणू तिनेच त्याच्या घरून काहीतरी उचलून नेलं.

एकामागून एक मुलं येत गेली, बरोबर वाचत गेली आणि तोंड पाडून बाहेर जात राहिली. पास होऊन इतकी दुःखी झालेली मुलं चाळणीने कधी पाहिली नव्हती. दोघांचं मात्र चुकलं. बाहत्तरातून अठ्ठेचाळीस वजा करून त्यांनी छत्तीस लिहिलं, सरळ आठातून दोन काढून. न येणाऱ्याचं ते अस्सल उत्तर पाहून चाळणीला इतकं हायसं वाटलं, की दुसऱ्याला तिने शाबास म्हटलं.

शेवटी मुकादम आली. तोवर पंचवीस मुलांनी पातळी गाठली होती. चाळणीने कार्ड समोर ठेवलं. मुलीने ते सावकाश, स्वच्छ वाचलं. घरी वेगळी भाषा बोलणाऱ्या मुलीचं वाचन कुठंतरी ठेचकाळतं, जोडाक्षरापाशी तरी. हिचं कुठंच नाही. मिनिट संपलं, चाळणीने "बास" म्हटलं, तरी ती उताऱ्याच्या शेवटापर्यंत वाचत राहिली. दोन्ही प्रश्नांची उत्तरं आली. मग तिने वजाबाक्या घेतल्या. पहिल्या तीन बरोबर. चौथीत हातच्याची खूण केली, थोडी थांबली आणि खाली लिहिलं, पंचवीस. एकाने जास्त.

चाळणीने ते पाहिलं. परीक्षेत बोलायचं नसतं. मुलीचं बोट अजून पेन्सिलीवर होतं.

"माझं एकटीचं चुकलं तर त्या राहतील का?" मुलीने विचारलं.

"नाही," चाळणी म्हणाली. "आणि तीन बरोबर आहेत, म्हणजे तू पास आहेस."

"मग हे चुकलेलं राहू दे?"

"तू ठरव. चुकलेलं राहिलं तर मी त्यावर फुली मारेन."

"तो कागद छोट्या बाईंना दिसेल?"

"दिसेल. सगळे कागद त्यांना दाखवावे लागतात."

मुलीने खोडरबर मागितला. पंचवीस नीट खोडलं, कागदावरची भुकटी तळहातावर गोळा केली आणि त्या जागी चोवीस लिहिलं. मग कागद फिरवून चाळणीपुढे सरकवला.

चाळणीने बरोबरची खूण केली. सव्वीस. सही करणारीने लिहिले होते तेवढेच, नेमके. एकोणीस वर्षांत बरोबर उत्तरावर खूण करताना तिला पहिल्यांदाच वाईट वाटलं, आणि ते लपवायला ती कागद जुळवत बसली.

मुलगी दारापर्यंत गेली आणि वळली.

"त्या कुठल्या शाळेत जाणार?"

"अजून ठरलं नाही. जिथं मुलांना काहीच येत नाही, अशा शाळेत."

मुकादमाने थोडा विचार केला.

"मग तिथल्या मुलांना सांगा," ती म्हणाली, "हळूहळू शिका."